दगडी मामाचा आकडा

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. नीट पोचलास ना? फोन केला असता, पण तुझा फोन बेकरीच्या गल्ल्यावर, समोर पाव घ्यायला उभी असलेली माणसं आणि तुझं ठरलेलं उत्तर, "मजेत, मजेत." पत्रात निदान तुला वाक्यं पुरी करावी लागतात.

परवा तू आमच्या प्रयोगशाळेत आलास, त्याबद्दल सरांनी मुद्दाम आभार कळवायला सांगितलेत. आम्हाला धडधाकट माणसं मिळतच नाहीत. आधी यायला तयार होतात आणि "थोडं दुखेल हं" म्हटलं की कुणाची तरी आजी आजारी पडते.

गडबडीत तुला नीट सांगायचं राहिलं. आम्ही नुसतं तुझं दुखणं मोजत नव्हतो, आमची मोजायची पद्धत भरवशाची आहे का तेही बघत होतो. एकाच माणसाला काही दिवसांनी पुन्हा मोजलं तर आकडा साधारण तोच यायला हवा. नाही आला, तर मग आम्ही मोजतोय तरी काय? माझा सगळा प्रबंध एवढ्याच प्रश्नावर उभा आहे.

आता तुझी गंमत. चकती हातावर गरम होत जाते. नुसतं "गरम" संपून "दुखतंय" सुरू झालं की त्या क्षणी बटण दाबायचं. त्याला आम्ही वेदनेचा उंबरठा म्हणतो. तू दाबलंच नाहीस! भाजू नये म्हणून यंत्राला एक मर्यादा घातलेली असते, तिथे पोचून ते आपलं आपण थांबलं. गार पाण्यात हात घातलास तेव्हाही असा बसलास, जशी काही बसची वाट बघतोयस. शेवटी मीच "काढ आता" म्हटलं. सर म्हणाले, "हा माणूस आहे का दगड?" मी ऐटीत म्हटलं, "सर, भट्टीवाला आहे. आणि माझा मामा आहे."

सोबत तुझा आलेख पाठवतेय. ती वर जाऊन कागदाच्या कडेला टेकलेली रेघ तुझी. वर "दगडी मामा" मीच लिहिलंय.

दुसऱ्या खेपेला नक्की ये. तेव्हा मी कामासाठी बाहेरगावी असेन. माझी सोबतीण, ती लांब वेणीवाली, तुला मोजेल. मोजणारं माणूस बदललं तरी आकडा बदलायला नको, तेही त्यात कळेल.

मामीला नमस्कार.

तुझी
ठकू


१७ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, आलेखही मिळाला. तुझ्या मामीने तो गल्ल्यामागे भिंतीला चिकटवलाय. येणारा जाणारा वाचतो. परवा एक बाई पाव परत करायला आल्या होत्या. म्हणाल्या, "हा घ्या, तुमच्यासारखाच दगड झालाय." मी निमूट बदलून दिला.

तुमची खोली मला आवडली. इतकी स्वच्छ की बोलायचीही भीती वाटते. खिडकी नाही, न्हाव्याकडे असते तशी खुर्ची, पाण्याच्या टाकीची बारीक घरघर आणि शेजारी घडी घालून ठेवलेला टॉवेल. तू चकती हातावर टेकवलीस तेव्हा मी मनात देवाचं नाव घेत होतो. भट्टीचं दार उघडतानाही घेतो, हात आपोआप जपला जातो. तुझा चेहरा मात्र नेहमीचा नव्हता. भुवया जवळ आणून, ओठ आत ओढून तू माझ्या हाताकडे बघत होतीस. लहानपणी तू अगदी अशीच बघायचीस. मला वाटलं, एवढी शिकली पोर, पण बघणं तेच राहिलं. बरं वाटलं.

एक बारीकशी गोष्ट. उजवीकडे बरगड्यांखाली हल्ली जेवणानंतर जरा धरतं. कोपऱ्यावरचे डॉक्टर टोस्ट घ्यायला आले तेव्हा सहज त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "दहापैकी किती दुखतं?" तुम्हीही असंच विचारता, म्हणून मला उत्तर तयारच होतं. दोन म्हटलं. त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला आणि हसले. "तुम्हाला कसलं दुखणार हो? गॅस असेल." गोळ्या दिल्यात. तुझ्या कागदाचा असाही उपयोग झाला.

दुसऱ्या खेपेला येतो. तू नसशील याचं वाईट वाटतं. पण काम आहे म्हणतेस, तर असो.

तुझा
मामा


६ मार्च

प्रिय मामा,

काय झालं त्या दिवशी? खरं सांग.

मी परत आले आणि तुझे आकडे उघडून बघितले. आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचे आहेत. चकती नुसती कोमट व्हायला लागली आणि तू बटण दाबलंस. पुन्हा लावली, पुन्हा दाबलंस. गार पाण्यात हात बुडवला न बुडवला तोच काढलास. दगडी मामा कुठे गेला?

काल बैठकीत सरांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पहिलं मोजमाप कुणी घेतलं होतं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

यंत्र बिघडलं असेल म्हणून मी चकतीला दुसरा तापमापक लावून बघितला. यंत्र बरोबर आहे. पाणीही तेवढंच गार होतं. सूचना आम्ही कागदावरून वाचून दाखवतो, शब्दाला शब्द तोच. मग चुकलं कुठे? मी चकती नीट दाबून धरली नव्हती का? आणि तुझ्या बाबतीत माझं चुकलं असेल तर बाकीच्यांच्या बाबतीत नसेल कशावरून? त्या सगळ्यांना मीच मोजलंय. रोज एकेकाचा आलेख काढून बघते आणि प्रत्येकाचा संशय यायला लागतो.

सर म्हणतात, या माणसाला यादीतून काढून टाक, बाकीचे आकडे छान जुळतात. ते खरंच आहे. तुला काढलं की माझा प्रबंध सरळ उभा राहतो. पण कारण कळल्याशिवाय काढायला हात होत नाही. म्हणून विचारतेय. तू दमला होतास का? वेणीवालीने काही वेगळं सांगितलं का? घाईत होतास का? आठव आणि लगेच लिही.

पोटाचं वाचलं. दोन म्हणजे फार नाही. तेलकट कमी खा आणि वेळेवर जेवत जा.

तुझी
ठकू


१४ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

माझ्यामुळे तुझी पंचाईत झाली, हे वाचून जिवाला लागलं. तुझं काहीही चुकलेलं नाही. चकती तू व्यवस्थित धरली होतीस, हे मी कुणासमोरही सांगेन.

त्या दिवशी मला बस लागली होती. त्यात खोलीत गार वाटत होतं. ती वेणीवाली मुलगी मोठी गुणी आहे. म्हणाली, "काका, दुखलं की दाबा हं, वाट बघू नका." मी दाबलं. एवढंच झालं. सरांना सांग, म्हातारपण म्हणतात ते हेच. मला यादीतून काढलंस तरी मी रागावणार नाही. तुझं काम अडता कामा नये.

पण एक विचारतो. तुमच्या यंत्राने माणसाबद्दल एकदा काही ठरवलं, की नंतर ते बदलता येतं का? इथे आता सगळे मला दगडी मामाच म्हणतात. परवा मैद्याचं पोतं उतरवताना जरा वाकलो, तर गाडीवाला ओरडला, "अरे, दगडाला घाम फुटला!" सगळे हसले. मीही हसलो. अशा वेळी दुसरं काय करणार?

पोटाच्या दोनाचे कधी कधी तीन होतात. काळजीचं काही नाही. पोती उतरवायला एक माणूस ठेवलाय, म्हणून आता आरामच आहे. पूजेला बसलो की थोडा वेळ विसरायला होतं.

तुझा
मामा


१५ मार्च

ठकू बाळ,

हे पत्र मी लिहितेय ते तुझ्या मामाला ठाऊक नाही. फोन त्यांच्या हाताशी, म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या टोस्टच्या गाडीवाल्याकडे देतेय. पोस्टाची वाट बघायची माझी तयारी नाही.

तुला काय उत्तर लिहिलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं. बस लागली म्हणे! या माणसाला लग्नाच्या बसमध्ये, घाटात, सगळं वऱ्हाड ओकत असताना भूक लागली होती. बस लागतेय!

आता खरं ऐक. पहिल्या खेपेला हे तुझ्याकडून घरी आले तेव्हा हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढं लाल झालं होतं. मी विचारलं, "हे काय? पोरीने भाजलं की काय?" तर म्हणाले, "हळू बोल. तिच्या हातात यंत्र होतं. मी बटण दाबलं असतं तर तिच्या हातून मला दुखलं असं झालं असतं. तिचा हात कायमचा बिचकला असता." मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अहो, त्यासाठीच तर तिने बोलावलं होतं!" तर म्हणाले, "तुला नाही कळायचं."

पण मला कळतं. तुला आठवतं का, आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस आणि डॉक्टर-डॉक्टर खेळायचीस? माझी विणायची सुई घेऊन तू त्यांच्या दंडात इंजेक्शन टोचायचीस. खेळ तुझा होता, पण सुई खरी होती. आणि हे म्हणायचे, "अजिबात नाही दुखलं, डॉक्टरीणबाई!" तू इतकी खूश व्हायचीस की दुसरा दंड मागायचीस. तोच खेळ ते तुझ्या प्रयोगशाळेत खेळून आले. दुसऱ्या खेपेला परकी मुलगी होती, तिच्यासमोर कशाला खेळतील?

तुझं यंत्र, तुझा प्रबंध, त्याचं तू बघ. माझी काळजी वेगळी आहे. ठकू, ते दोन नाहीत आणि तीनही नाहीत. जेवण टाकलंय. भट्टीमागे पोत्याला कपाळ टेकून उभे असतात, मी गेले की पोती मोजत होतो म्हणतात. अंगात कणकण असते. डोळे पिवळे वाटतात, पण बेकरीतला दिवाच पिवळा, त्यामुळे माझं मलाच खात्रीने सांगता येत नाही. दवाखान्यात चला म्हटलं की भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवतात. डॉक्टरही तो कागद बघूनच हसले होते. सगळ्यांना तुझ्या त्या रेघेवर विश्वास आहे, बाई, समोरच्या माणसावर कुणाचा नाही.

तो कागद मी आज फाडला. मला दुसरं काही सुचेना. तूच ये.

मामी


२३ मार्च
रुग्णालय, वॉर्डबाहेरचा बाक

प्रिय मामा,

तू भिंतीच्या पलीकडे आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. सिस्टर मला बघून हसली. पण तुझ्यासमोर बसून विचारलं तर मला काय उत्तर मिळणार ते मला माहीत आहे.

मामीचं पत्र वाचलं आणि आले. तुला बेकरीच्या दारात उन्हात उभं केलं, तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. पित्ताशयातला खडा नळीत अडकला होता. तो काढला, मग पित्ताशय काढलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "एवढं दुखत असताना हा माणूस उभा कसा होता? आणि कुणालाच कसं कळलं नाही?" मी त्यांना सांगितलं नाही की मी दुखणं मोजायचं शिकते.

मामा, तू मला पोटाचं आधीच लिहिलं होतंस. मी त्यावर "तेलकट कमी खा" लिहिलं, आणि बाकी सगळं पत्र तुझ्या बटणाबद्दल.

आता नीट वाच. आज सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, टाके ठीक आहेत, पण आत कुठे पित्त झिरपत असेल तर बाहेरून लगेच दिसत नाही. आधी दुखायला लागतं. पोटात, नाहीतर उजव्या खांद्यात. ते वाढलं तर ताबडतोब कळायला हवं, उशीर झाला तर विष पसरतं. त्यासाठी सिस्टर तुला येता-जाता विचारते, "दहापैकी किती?" आणि तू प्रत्येक वेळी "दोन" म्हणतोस.

सिस्टरने मला अजून एक सांगितलं. मी खोलीत असते तेव्हा तू उशीला टेकून हसत बसतोस. मी चहाला खाली गेले की पाय पोटाशी घेतोस आणि उजवा खांदा दाबत राहतोस. मी जिन्यावर असते आणि तुझं तोंड बदलतं. खांद्याचं खरं आहे का? तिला म्हणालास म्हणे, पोती उचलून भरलाय.

मी आता आत येणार नाही. मामीलाही घेऊन खाली बसतेय. आमच्या प्रयोगशाळेत आता नियम झालाय, नात्यातल्या माणसाने नात्यातल्या माणसाला मोजायचं नाही. मीच तो सरांना फोनवर सुचवला. त्यांनी कारण विचारलं, मी सुईची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, या माणसाला काढू नकोस, याच्यावर एक वेगळं प्रकरण लिही. पण तुझा खरा उंबरठा कोणता, ते अजून मला सांगता येत नाही. पहिल्या वेळी समोर मी होते. दुसऱ्या वेळी पोटात खडा होता, दुखऱ्या शरीराला थोडंही जास्त वाटू शकतं. दोन्ही आकडे खरे धरता येत नाहीत. माझ्याकडे तुझ्याबद्दल भरवशाचं काहीच नाही, मामा. फक्त तू सांगशील ते.

ही चिठ्ठी सिस्टर तुला वाचायला देईल. वाचून झाली की ती विचारेल. ती परकी आहे. तिचा हात बिचकत नाही. तिला खरं सांग.

मी लहान नाही आता. माझ्यासमोर दुखलं तरी चालेल.

ठकू


४ एप्रिल

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. मांडीवर पाट घेऊन लिहितोय. तू कालच कामावर परत गेलीस, तरी बोलण्यापेक्षा मला लिहिणंच बरं जमतं. तोंडाला सवय वेगळीच लागलीये.

त्या दिवशी सिस्टरने चिठ्ठी डोळ्यांपुढे धरली, कारण माझा हात वर जात नव्हता. शेवटची ओळ वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आजोबा, किती?" आजोबा म्हणाली ते वेगळंच लागलं. अजून पन्नाशी पुरी व्हायचीये माझी. मी दाराकडे बघितलं, तू नव्हतीस. मी म्हटलं, "सात." म्हणताना लाज वाटली, जसं काही कुणाचं चोरून खाल्लंय. मग म्हटलं, "नाही, आठ. आणि खांद्यातही. पोती उचलून नाही." ती पळतच गेली. पुढचं तुला माहीत आहे. सोनोग्राफी केली, आत पित्त साठलं होतं, बाजूने नळी घालून काढलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गप्प बसला असतात तर आम्हाला काही करता आलं नसतं.

नळी घालायला नेत होते तेव्हा फार घाबरलो. नाव घ्यायला लागलो. तेव्हा मनात आलं, देवापुढे मी आजवर एकदाही "मजेत" म्हटलेलं नाही. त्याच्यापुढे सगळं रडगाणं गातो. तो समर्थ आहे, त्याला दुखवण्याची भीती नाही. तुला मात्र मी अजून फ्रॉकातलीच समजत होतो. सुई हातात घेऊन "दुखलं का?" विचारणारी. दुखलं म्हटलं तर सुई टाकून रडशील, असं वाटायचं.

तुझी मामी रोज विचारते, किती. मी सांगतो. आधी तिचा विश्वास बसेना, म्हणायची, "तुमच्या आकड्याला मी दोनाने गुणते." आता गुणत नाही. आज सकाळी भाताची पेज घेतली आणि दारापर्यंत चालून आलो. आज दोन आहेत. हे खरे दोन आहेत, ठकू. तेव्हाचे दोन आणि हे दोन यांत काय फरक आहे, ते तुमच्या यंत्राला कसं दाखवायचं मला माहीत नाही. पण तुला कळेल.

पित्ताचं नाव निघालं की कोपऱ्यावरचे डॉक्टर अजून ओशाळे होतात. टोस्टचा पुडा हातात घेऊन म्हणाले, "मी हात लावून बघायला हवं होतं." मी म्हटलं, "मी सांगायला हवं होतं." गल्ल्यामागे भिंतीवर कागदाचे कोपरे अजून चिकटलेले आहेत. मामी ओल्या फडक्याने घासते, पण निघत नाहीत.

बरा झालो की मला तिसऱ्यांदा यायचंय. नियम झालाय ते कळलं, चांगला नियम आहे. म्हणून आकडा कुठे मांडू नकोस, सरांना सांगू नकोस. सगळे गेल्यावर, खोली रिकामी असताना, चकती तूच धर. मी बटण दाबीन. दुखेल तेव्हाच दाबीन आणि "दुखलं" असं मोठ्याने म्हणेन.

तू फक्त हात हलू देऊ नकोस.

तुझा
मामा